डावीकडे भरती, उजवीकडे ओहोटी

माझ्या आत्याच्या चित्रांत एक चूक आहे, असं लोकांनी तिला आयुष्यभर सांगितलं. सांगणाऱ्यांत मीही होते. हे आधीच कबूल करून टाकते, म्हणजे पुढे कुणावर तोंडसुख घ्यायची वेळ आली तर मन खात राहणार नाही. मी शाळेत चित्रकला शिकवते. दुरून चूक दाखवायची मला सवयच आहे.

आत्या बेटांची चित्रं काढायची, दुसरं काही नाही. आमच्या बंदरासमोर पाच बेटं आहेत, तेवढीच तिची दुनिया. फुलं काढली नाहीत, फळं काढली नाहीत, माणसांचे चेहरे तर नाहीच नाही. एकदा एक वकील आपल्या वडिलांचं चित्र काढून घ्यायला आले. आत्या म्हणाली, "ते होडीत बसतील का? मग लांबून काढते." वकील पुन्हा काही फिरकले नाहीत.

ही बाई घडली ती बोटी दुरुस्तीच्या यार्डात. आजोबा तिथे रंगारी होते. त्यांची इच्छा मुलानं काम उचलावं अशी होती, पण माझ्या बाबांनी ओढलेली रेघ बघून बोटीलाच चक्कर आली असती. आत्या तेव्हा सतरा वर्षांची. आजोबांचा डबा घेऊन यायची आणि तिथेच रेंगाळायची. एक दिवस आजोबांचा खांदा धरला, म्हणून तिनं ब्रश हातात घेतला आणि एका मासेमारी बोटीवर पाण्याची रेघ ओढली.

ही रेघ म्हणजे काय ते सांगायला हवं. बोट पाण्यात जिथवर बुडते, तिथे तिच्या अंगावर सभोवार एक पट्टा रंगवतात. बोटीचं अंग सगळीकडून वळलेलं असतं, एक फळी दुसरीसारखी नसते, आणि तरी बोट पाण्यात उतरली की तो पट्टा पाण्याशी जुळला पाहिजे. बाकीचे रंगारी दोऱ्या बांधायचे, नळीत पाणी भरून पातळी बघायचे. आत्या चार पावलं मागे जायची, एक डोळा मिटायची आणि रंगवायला लागायची. बोट पाण्यात सोडली तेव्हा आजोबांनी वाकून बघितलं आणि स्वतःचा ब्रश तिला देऊन टाकला. पुढे तिनं तीनशेच्या वर बोटींवर ती रेघ ओढली. यार्डात तिला सगळे पेंटरीणबाई म्हणायला लागले. पाण्याची पातळी म्हणजे काय हे या बाईला कळत नाही असं जेव्हा कुणी म्हणतं, तेव्हा माझं डोकं का फिरतं ते आता लक्षात येईल.

पहिलं बेट तिनं काढलं ते एका इंजिनाच्या खोक्याच्या झाकणावर. फेरीबोटीच्या मेकॅनिकनं ते झाकण राखाडी रंग मारायला आणून टाकलं होतं. आत्याकडे राखाडी संपला होता आणि निळा, पांढरा, तांबडा थोडाथोडा उरला होता. समोर बेट होतं, दुपार रिकामी होती. मेकॅनिक झाकण न्यायला आला, बराच वेळ बघत उभा राहिला आणि म्हणाला, "हे मी बोटीवर नाही लावणार. तेलानं खराब होईल." त्यानं झाकण घरी नेलं, बोटीला स्वतःच्या हातानं दुसरं करून बसवलं, आणि सहा महिन्यांनी आजोबांकडे आत्याला मागणी घालायला आला. हे आमचे आतोबा. बोलायला लाजाळू, पण एकदा चिकटले की सुटत नाहीत.

लग्नानंतर आत्याची पद्धत ठरली ती कायमची. स्वयंपाकघराच्या दारामागे भरती-ओहोटीचं छापील कोष्टक चिकटवलेलं असायचं. त्यात सकाळी सातच्या सुमाराला पूर्ण भरती असेल असा दिवस ती निवडायची. आतोबा होडी वल्हवत बेटांच्या समोर न्यायचे आणि पुढून एक, मागून एक असे दोन नांगर टाकायचे, म्हणजे होडी गिरकी घेत नाही. पाणी पूर्ण भरलं की आत्या फळीच्या डाव्या कडेपासून सुरुवात करायची. वरचं आकाश, खालचा खडक, घर, पाणी, सगळं एका वितीच्या पट्ट्यात वरपासून खालपर्यंत पुरं करायची आणि मग पुढचा पट्टा घ्यायची. असं सरकत सरकत उजव्या कडेला पोचेपर्यंत एक वाजलेला असायचा आणि पाणी पार उतरलेलं असायचं. सहा तास. नियम एकच, झालेल्या भागाकडे परत जायचं नाही. आतोबा तेवढा वेळ मागच्या टोकाला गळ टाकून बसायचे. त्यांना काही लागल्याचं मी ऐकलेलं नाही.

त्यामुळे आत्याच्या चित्रात डावीकडे खडक गळ्यापर्यंत पाण्यात असतात, घरांच्या पायऱ्या बुडालेल्या असतात, होड्या ऐटीत तरंगत असतात. उजवीकडे तेच पाणी कुठच्या कुठे गेलेलं असतं. खडकांचे पाय दिसतात, होड्या चिखलात कुशीवर पडलेल्या असतात आणि त्यांच्यामधून पक्षी चालतात. मधल्या भागात पाणी बोटबोटभर खाली येत जातं. ज्याला माहीत नाही त्याला वाटतं, समुद्राला उतार आहे.

बंदरातल्या लोकांनी कधी विचारलं नाही. त्यांना चित्र आवडायचं, ते घेऊन जायचे, बस. फेरीबोटींच्या केबिनमध्ये तिची चित्रं लागली, दवाखान्यात लागलं, बर्फाच्या कारखान्याच्या ऑफिसात लागलं. न्हाव्यानं खुर्चीसमोर लावलं, पण गिऱ्हाईक डावीकडून उजवीकडे बघताना मान फिरवायचं आणि दोघा गिऱ्हाइकांचे कान थोडक्यात वाचले. मग त्यानं ते मागच्या भिंतीवर हलवलं, म्हणजे आरशात दिसेल. आरशात अर्थातच ओहोटी आधी आणि भरती नंतर आली. आत्यानं ते एकदा बघितलं आणि नंतर ती त्या दुकानावरून जाताना तोंड फिरवून जायची.

शहरात एका प्रदर्शनात तिची चार चित्रं लागली होती. एका वर्तमानपत्रवाल्यानं लिहिलं की बाईंचा हात तयार आहे, पण साध्या निरीक्षणाची उणीव आहे, यांच्या समुद्राला उतार आहे. आत्यानं ते कात्रण नीट कापून रंगांच्या पेटीत ठेवलं. मला वाटलं जपून ठेवतेय. दुसऱ्या दिवशी बघितलं तर ती त्याला ब्रश पुसत होती.

मी तेव्हा कला महाविद्यालयाच्या दुसऱ्या वर्षाला होते. फीपासून कागदापर्यंत माझं सगळं आत्या बघत होती. एका रविवारी जेवताना मी शहाणपणा पाजळला. म्हटलं, "आत्या, तो लिहिणारा अगदीच चुकीचं नाही बोलला. एका चित्रात एकच वेळ असते. तुझं पाणी तिरकं दिसतं." आतोबांचा घास हातातच राहिला. आत्या म्हणाली, "असेल," आणि मला आणखी वाढलं. त्या 'असेल'चा अर्थ कळायला मला पंचवीस वर्षं लागली.

आत्या सहासष्ट वर्षांची झाली, तेव्हा बंदरावर फेरीचं नवीन प्रतीक्षालय बांधायला घेतलं. आत एक छत्तीस फुटी कोरी भिंत होती. बंदराच्या अधिकाऱ्यांनी आत्याला बोलावलं आणि तिथे पाचही बेटं काढाल का म्हणून विचारलं. आत्या घरी आली, चपला काढल्या आणि आतोबांना आणि मला म्हणाली, "मला ती भिंत हवीय." आजवर मला अमुक हवंय असं तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं. कारणही तिनंच सांगितलं. तिची निम्मी चित्रं बोटींत होती. बोट वीस-पंचवीस वर्षांनी भंगारात जाते आणि भिंतीला ठोकलेलं चित्रही तिच्याबरोबर मोडतात. यार्डात तोडलेल्या बोटींच्या ढिगात तिला स्वतःची बेटं सापडायची, अर्धी, खिळ्यांसकट. "भिंत कोण मोडतंय?" ती म्हणाली. "बेटांवर जाणारं प्रत्येक माणूस तिथून जाईल. ते राहील."

तीन-तीन फुटांच्या बारा फळ्या करायचं ठरलं. नेहमीसारखी ती एक दिवस होडीतून गेली आणि सहा तासांत एका लांब पट्टीवर लहान चित्र करून आली. मग यार्डाच्या शेडमध्ये बारा फळ्या ओळीनं मांडून पाच महिने मोठं चित्र केलं. एका फळीत अर्धा तास, असा हिशेब होता. मी शाळा सुटली की जायची. खोटं कशाला बोलू, त्या चित्रापुढे उभं राहिलं की मला माझ्या डिप्लोमाची लाज वाटायची. सहाव्या फळीवर पाणी दगडावरून नुकतंच खाली गेलंय आणि दगड अजून ओला आहे, ते ओलेपण तिनं बोटीच्या साध्या ऑइलपेंटनं आणलं होतं. मी ते दहा वेळा बघितलं, तरी मला जमणार नाही.

चित्र बघायला बंदराची समिती आली. बरोबर शहरातले एक कलासल्लागार होते, उन्हाळ्यात गळ्यात मफलर घातलेले. शेडचं दार उजव्या अंगाला आहे, म्हणून मंडळी ओहोटीकडून शिरली आणि भरतीकडे गेली. सल्लागार डाव्या टोकाच्या फळीपाशी थांबले, मागे वळून बघितलं आणि अधिकाऱ्यांना म्हणाले, "एका टोकाला कोरडं, दुसऱ्या टोकाला तुडुंब. हे लोकांसमोर लावलंत तर हसं होईल. पाणी एका पातळीत घ्या, बाकी छान आहे." आत्या तिथेच उभी होती. तिच्याशी ते एक शब्द बोलले नाहीत. आठवड्यानं पत्र आलं. पंधरा दिवसांत पाण्याची पातळी सर्वत्र समान करून द्यावी, अन्यथा काम स्वीकारता येणार नाही.

अधिकाऱ्यांनी मला शाळेत फोन केला. "तुम्ही शिकलेल्या आहात, तुमचं ऐकतील. समजावा जरा." आणि मी गेले. आता लिहितानाही अंगावर काटा येतो, पण गेले. भिंत तिला हवी होती आणि ती मिळावी, एवढंच माझ्या डोक्यात होतं. म्हटलं, "आत्या, डावीकडच्या फळ्या फक्त. खडक थोडे उघडे कर, पायऱ्या दाखव. दोन दिवसांचं काम आहे. कुणाला कळणारही नाही." आत्यानं पहिल्या फळीवरून फडका फिरवला. मग म्हणाली, "तू म्हणतेस तर बघते."

ती 'तू म्हणतेस' म्हणाली, ते मला रात्रभर टोचत राहिलं. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी अकरा वाजता यार्डात पोचले. आत्या पहिल्या फळीसमोर उपड्या डब्यावर बसली होती. शेजारी ओल्या खडकाचा तपकिरी रंग कालवून ठेवलेला होता, त्यावर साय धरली होती. फळीला एक ठिपकाही लागलेला नव्हता. आतोबा बाजूला बसले होते.

"सातपासून अशीच बसलीय," ते मला म्हणाले.

"काय झालं, आत्या?"

"येत नाही गं," ती म्हणाली. तिचा आवाज एवढासा झाला होता. "दुपारी इथला खडक कसा दिसतो ते मी बघितलंच नाही. मी दुपारी तिकडे होते, त्या टोकाला. इथं शेवाळ किती खाली जातं, शिंपले कुठवर आहेत, मला काय माहीत? मनानं काढू?"

"सगळे मनानंच काढतात, आत्या."

"काढू देत. त्यांना जमत असेल." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला ती भिंत हवीय गं. म्हणून रंग तरी कालवला. हात पुढे जाईना."

इतक्या वर्षांत मी तिला असं हरलेलं बघितलं नव्हतं, आणि तिला तिथे आणून बसवणारी मी होते. मला माझ्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. एका चित्रात एकच वेळ असते हे मला कुणी सांगितलं होतं? पुस्तकानं. आणि पुस्तकवाला तरी सहा तास पाण्यावर बसला होता का? या बाईनं प्रत्येक खडक ज्या वेळी बघितला त्याच वेळचा काढला, चाळीस वर्षं, एकही न बघितलेला दगड न काढता. यापेक्षा खरं चित्र काढणारं माणूस मला माहीत नाही. मी तो तपकिरी रंगाचा डबा उचलला आणि बाहेर एका जुन्या बोटीच्या बुडाला फासून संपवून टाकला.

तिथून तडक बंदराच्या ऑफिसात गेले. समितीची बैठक चालू होती, तीत घुसले. माझा आवाज वर्गातला असतो, तो मला लहान करता येत नाही. म्हटलं, "एक दिवस काढा. सकाळी सातला होडीत बसा, एकपर्यंत बसा, चित्र शेजारी ठेवा. एक दगड चुकलेला निघाला तर मी स्वतः फळ्या रंगवून देते." अधिकारी सल्लागारांकडे बघायला लागले. सल्लागार म्हणाले, "मला बोट लागते, मळमळतं." मी विचारलं, "म्हणजे तुम्ही ही बेटं बघितलीच नाहीत?" त्यावर मला बाहेर थांबायला सांगितलं आणि नंतर कुणी आत बोलावलं नाही.

भिंतीवर मावळत्या सूर्याचा मोठा फोटो लागला. कुठल्या समुद्राचा आहे ते ऑफिसातही कुणाला सांगता आलं नाही. आत्या चार दिवस बोलली नाही. मी जायची, बसायची, ती चहा द्यायची, मी कप विसळून ठेवून परत यायची. पाचव्या दिवशी आतोबाच बोलले, तेही भाजी चिरता चिरता. "तिसऱ्या बेटावर धक्क्याची शेड आहे," ते म्हणाले. "आतली भिंत मी मोजली. अडतीस फूट भरली."

"कधी मोजली?" आत्यानं विचारलं.

"काल. गळ टाकायला गेलो होतो."

"त्या पत्र्याच्या शेडमध्ये कोण बघणार?"

"जे तिथं राहतात ते," आतोबा म्हणाले आणि पुन्हा भाजीकडे वळले.

फेरीबोटीच्या कप्तानानं सकाळची पहिली फेरी रिकामीच जाते म्हणून बारा फळ्या डेकवर घेतल्या. त्याच्या केबिनमध्ये आत्याचं चित्र वीस वर्षं आहे, त्यामुळे विचारायची गरज पडली नाही. खलाशांनी फळ्या उतरवल्या, आतोबांनी पट्ट्या ठोकल्या, मी क्रमानं फळ्या देत गेले. आत्या चार पावलं मागे उभी राहून एक डोळा मिटून 'वर', 'जरा खाली' सांगत होती. पण तिच्या बोलण्यात जीव नव्हता. तिला हवी होती ती भिंत ही नव्हती, आणि हे मी तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट वाचत होते. शेडमध्ये बाक मोडका होता आणि कोपऱ्यात जाळी वाळत होती.

साडेदहाला परतीच्या बोटीसाठी बेटावरची एक बाई आली. हातात पिशवी, पिशवीत दुरुस्तीला न्यायची इस्त्री. तिनं आम्हाला बघितलं, भिंत बघितली आणि पिशवी बाकावर ठेवली. सरळ पाचव्या फळीपाशी गेली.

"हे आमचं घर," ती म्हणाली. कुणाला उद्देशून नाही, अशीच. मग वाकून बोटानं मोजायला लागली. "एक, दोन, तीन. आमच्या तीन पायऱ्या उघड्यात. म्हणजे पाणी उतरायला लागून दोन तास झाले होते."

आत्यानं हातातला फडका खाली ठेवला.

बाई डावीकडे गेली, पहिल्या फळीपर्यंत. "इथं पूर्ण भरलंय." मग एकेका फळीवरून सावकाश उजवीकडे निघाली. कुठे थांबून मान हलवली, कुठे जवळ जाऊन खडक बघितला. "इथं आमच्या दिराची होडी टेकलीय. टेकते ती इथंच." शेवटच्या फळीपाशी पोचली. "आणि इथं पार खाली." ती वळली आणि आम्हा सगळ्यांत बरोबर आत्याकडे बघितलं. आत्याच्या नखांत रंग होता.

"तुम्ही काढलंत?"

आत्यानं मान हलवली.

"एका बैठकीत बसलात ना? भरतीपासून ओहोटीपर्यंत?"

"हो."

"बाई बाई," ती म्हणाली. "सहा तास. मध्ये जेवलात कधी?"

शहरातल्या प्रदर्शनानं, वर्तमानपत्रानं, समितीनं, मी, कुणीच आत्याला हे विचारलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले आणि ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही. त्या पत्र्याच्या शेडमध्ये माझी आत्या ताठ उभी होती, आणि तिच्याइतकं मोठं माणूस मी त्याआधी बघितलं नव्हतं आणि नंतरही नाही.

"जेवले कुठली," ती आतोबांकडे बोट दाखवून म्हणाली. "डबा ह्यांनी संपवला."